थांबण्याची विद्या

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या डाव्या तीरावर, बजबज नावाचे एक जुने गाव आहे. आपल्या मराठी कानांना हे नाव थोडे गमतीचे वाटते. पण इतिहासात त्याला जागा आहे. 1897 च्या फेब्रुवारी महिन्यात स्वामी विवेकानंद पाश्चात्त्य देशांतून परतले, ते याच बंदरात बोटीतून उतरले आणि येथूनच आगगाडीने सियालदहला गेले. 1914 च्या सप्टेंबरात कॅनडाच्या किनाऱ्यावरून परत पाठविलेल्या ‘कोमागाता मारू’ जहाजातील उतारूंवर गोळीबार झाला, तोही येथेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे खनिज तेल उतरू लागले, आणि नदीकाठच्या तागाच्या गिरण्यांच्या जोडीला तेलाच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या.

परंतु आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते बजबजच्या इतिहासाविषयी नव्हे. तेथील रस्त्यावर माझ्या भाच्याचा हात मोडला, त्याविषयी, आणि त्या निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात असलेल्या एका यंत्राविषयी मी बोलणार आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त तीन वर्षांपासून बजबजला असतो. मी यंत्रशास्त्र शिकविण्यात उभा जन्म घालविलेला मनुष्य, म्हणून गेल्या वर्षी त्याने नवी मोटारसायकल घेतली तेव्हा ती मला मोठ्या कौतुकाने दाखविली. मी ब्रेकची चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, “मामा, तुम्ही आता काळजी सोडा. हिला एबीएस आहे. ही घसरायचीच नाही.” मी म्हटले, “अरे, ते एबीएस काय करतं, ते तुला ठाऊक आहे का?” त्यावर तो हसला आणि म्हणाला, “ते ठाऊक कशाला हवं? ते आपलं आपण करतं.”

पुढे पावसाळा आला. बजबज ट्रंक रोड हा महेशतला, बाटानगर या वस्त्यांतून जाणारा गजबजलेला रस्ता. 2019 मध्ये महेशतल्याचा लांबलचक उड्डाणपूल झाल्यापासून वाहतुकीचा काही भार हलका झाला असला, तरी पुलाखालच्या आणि पुलापलीकडच्या रस्त्यावर तेलाचे टँकर, बसगाड्या, सायकली आणि ज्यांना तेथे ‘टोटो’ म्हणतात त्या विजेवर चालणाऱ्या तीन चाकी रिक्षा, यांची सारखी दाटी असते. एका संध्याकाळी पावसाची भुरभुर चालू असताना भाचा घरी परतत होता. पुढचा टोटो एका उतारूसाठी एकाएकी थांबला. भाच्याने दोन्ही ब्रेक कचकन दाबले. त्याबरोबर उजव्या हाताखालचा लिव्हर थरथरू लागला. आतून कोणी तरी बोटांना धक्के देत आहे असे त्याला वाटले. त्याने हे पूर्वी कधी अनुभवले नव्हते. ब्रेक मोडला, अशी त्याची समजूत झाली आणि त्याने हात सैल सोडला. तो अर्धाच क्षण असेल. पण तेवढ्यात गाडी टोटोच्या पाठीवर आदळली. टोटोवाल्याला काही झाले नाही. त्यानेच आणि शेजारच्या चहाच्या टपरीवरील मंडळींनी भाच्याला उचलून दवाखान्यात नेले. मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर.

मी भेटावयास गेलो तेव्हा तो म्हणाला, “मामा, ऐन वेळी ब्रेकने दगा दिला.” त्याची सारी हकीकत ऐकल्यावर मला सांगावे लागले, “बाबा रे, ब्रेक त्या वेळी आपलं काम चोख करीत होता. ते काम चालू असतानाच तू त्याला सोडलंस.”

श्रोतेहो, ही चूक माझ्या भाच्याची एकट्याची नाही. एखादे यंत्र आपण विकत घेतो, त्याचे नाव अभिमानाने सांगतो, आणि ते काम करू लागले म्हणजे कसे वाटते हे मात्र शिकत नाही. म्हणून हे यंत्र काय करते आणि आपण काय करावयाचे, हे आज थोडे नीट समजून घेऊ.

प्रथम एक साधा प्रश्न. गाडी कोण थांबविते? आपण चटकन म्हणू, ब्रेक. पण हे पुरते खरे नाही. ब्रेक थांबवितो चाकाला. गाडीला थांबवितो तो रस्ता. टायर आणि रस्ता जेथे एकमेकांना चिकटतात ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. मोटारसायकलीला अशा दोनच जागा. दीडशे किलोची गाडी, वर सत्तर किलोचा स्वार आणि त्यांचा सारा वेग, हे सर्व या दोन तळहातांएवढ्या जागांवर सावरावयाचे असते. रस्त्याची ही पकड सुटली, तर ब्रेक कितीही उत्तम असो, तो निरुपयोगी होतो.

आता घरातला एक अनुभव आठवा. जमिनीवर ठेवलेली जड लाकडी पेटी ढकलावयाची असली, म्हणजे ती प्रथम हलता हलत नाही. एकदा सरकू लागली की मात्र कमी जोरानेही सरकत राहते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरू लागले की त्यांची पकड कमी होते. चाकाचेही असेच आहे. चाक फिरत असते तोवर टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो, गाडी धावत असूनही, रस्त्यावर जवळजवळ स्थिर असतो. चालताना आपले पाऊल जसे क्षणभर भूमीवर स्थिर राहते, तसेच. ब्रेक जोराने दाबून चाक जाम केले की तोच टायर रस्त्यावर फरफटू लागतो. त्याची पकड कमी होते, आणि ओल्या रस्त्यावर तर फारच कमी होते.

हे ज्ञान नवे नाही. 1878 साली इंग्लंडमध्ये डग्लस गॅल्टन आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी आगगाडीच्या ब्रेकवर प्रयोग केले. तेव्हा असे दिसून आले की चाक जाम होण्याच्या किंचित आधी ब्रेकचा परिणाम सर्वांत अधिक होतो, आणि चाक जाम होऊन रुळावरून घसरू लागले की तो एकदम घटतो. म्हणजे उत्तम ब्रेक लावणे म्हणजे चाक थांबविणे नव्हे. चाक थांबण्याच्या सीमेवर आणून फिरते ठेवणे, हे त्याचे खरे स्वरूप आहे. टायरची पकड सर्वांत अधिक केव्हा असते? चाक गाडीच्या वेगापेक्षा सुमारे दहा ते वीस टक्के हळू फिरत असते तेव्हा. त्याच्या अलीकडे ब्रेक अपुरा पडतो, आणि त्याच्या पलीकडे घसरण असते.

आगगाडीला रुळांचा आधार असतो, मोटारीला चार चाकांचा. दुचाकीला दोहोंपैकी कोणताच नाही. ती उभी राहते ती तोल सावरीत, आणि हा तोल सावरला जातो तो मुख्यतः पुढच्या चाकाच्या बारीक बारीक हालचालींनी. गाडी डावीकडे कलू लागली की हँडल किंचित डावीकडे वळते, चाक तोलाच्या खाली येते आणि गाडी पुन्हा सरळ होते. आपल्या ध्यानात येत नाही, पण हे सारखे चाललेले असते. पुढचे चाक जाम झाले की हा व्यवहारच बंद पडतो. घसरणारे चाक आपण वळवू तिकडे जात नाही. मोटारीचे चाक जाम झाले तर मोटार सरळ घसरत जाईल. मोटारसायकलीचे पुढचे चाक जाम झाले तर स्वार डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आडवा होईल.

या भीतीपोटी आपल्याकडे एक उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपण सायकल शिकलो तेव्हा घरातील वडील माणसांनी सांगितले होते, “पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील.” तोच उपदेश स्कूटरवर आला, मोटारसायकलीवर आला. आजही पुष्कळ लोक जन्मभर केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवितात. हा उपदेश प्रेमाचा असला तरी हिशेबाचा नाही. तो हिशेब असा.

गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे सरकतो. बस एकाएकी थांबली म्हणजे उभे उतारू पुढे झुकतात, तेच येथेही होते. सामान्य मोटारसायकलीवर स्वार बसला असता दोन्ही चाकांवर जवळजवळ निम्मा निम्मा भार असतो असे धरू. जोराने ब्रेक लावला की पुढच्या चाकावर तीनचतुर्थांशाहून अधिक भार येतो आणि मागचे चाक हलके होते. ज्या चाकावर भार अधिक, त्याची रस्त्यावरील पकडही अधिक. म्हणजे थांबविण्याचे सामर्थ्य पुढच्या चाकात असते, आणि आपण विसंबतो मागच्यावर! कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटारसायकल दोन्ही ब्रेक नीट वापरले तर ब्रेक लागल्यापासून सुमारे 18 मीटरांत थांबू शकते. केवळ मागच्या ब्रेकवर तिला त्याच्या दुपटीहून कितीतरी अधिक अंतर लागते. शिवाय हलके झालेले मागचे चाक लवकर जाम होते आणि गाडीची शेपटी एका बाजूला फेकली जाते.

मग वापरावे तर पुढचा ब्रेक जाम होण्याचे भय, न वापरावे तर गाडी थांबत नाही. या पेचातून सुटण्यासाठी जे यंत्र निघाले ते एबीएस. त्याला मराठीत चाक जाम होऊ न देणारी ब्रेकयोजना म्हणता येईल. गंमत अशी की ही कल्पना रस्त्यावर प्रथम आली नाही. ती आली विमानात. धावपट्टीवर उतरताना विमानाची चाके जाम झाली तर टायर फुटत, म्हणून 1950 च्या दशकाच्या आरंभी डनलॉप कंपनीने ‘मॅक्सारेट’ नावाचे एक यांत्रिक साधन विमानांसाठी काढले. 1958 साली ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने तेच साधन रॉयल एनफील्डच्या ‘सुपर मीटिऑर’ मोटारसायकलीवर बसवून पाहिले. निसरड्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर पुष्कळच कमी झाले. तरीही ते विक्रीसाठी निघाले नाही. 1978 मध्ये विद्युतकणांच्या तंत्रावर चालणारे बॉशचे एबीएस मर्सिडीझ मोटारीत आले, आणि 1988 मध्ये एबीएस बीएमडब्ल्यूच्या ‘के 100’ या मोटारसायकलीवर बसले. त्या पहिल्या यंत्रसंचाचे वजन सुमारे अकरा किलो होते. आज ते एक किलोच्या आत आले आहे. म्हणूनच ते आपल्या साध्या गाड्यांवर बसू शकते.

या यंत्राची रचना समजावयास कठीण नाही. चाकाच्या मध्याशी छिद्रे किंवा दाते असलेली एक गोल चकती असते. तिच्यालगत बोटभर लांबीचा एक सेन्सर असतो. चकती फिरली की प्रत्येक दात्याबरोबर सेन्सरमध्ये विजेचा एक ठोका उमटतो. ठोके किती वेगाने येतात यावरून चाक किती वेगाने फिरते ते कळते. हे ठोके एका छोट्या नियंत्रक पेटीकडे जातात, आणि ती पेटी एकच गोष्ट सतत पाहत असते: चाकाचा वेग अशक्य वाटावा इतका झपाट्याने तर उतरत नाही ना?

‘अशक्य’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर कितीही निकराने थांबविली तरी तिला सुमारे दोन सेकंद लागतातच. पकड सुटलेले चाक मात्र सेकंदाच्या लहानशा भागात फिरावयाचे थांबते. तेव्हा चाकाचा वेग असा कोसळू लागला की पेटी ओळखते: गाडी थांबत नाही, फक्त चाक थांबत आहे; म्हणजे ते घसरू लागले आहे.

आता आपल्या हातातील लिव्हरपासून चाकाजवळच्या ब्रेकपर्यंत तेलाची एक नळी असते. लिव्हर दाबला की त्या तेलातून दाब पोहोचतो आणि दोन पट्ट्या चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला आवळतात. एबीएसने या वाटेवर दोन झडपा बसविल्या आहेत. घसरणीची चाहूल लागताच पहिली झडप मिटते. आता आपण कितीही जोराने दाबले तरी चाकावरील दाब वाढत नाही. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी झडप उघडते, थोडे तेल बाहेर घेतले जाते आणि दाब उतरतो. मोकळे झालेले चाक पुन्हा फिरू लागते, पुन्हा पकड घेते. लगेच पहिली झडप उघडते, पंप ते तेल परत वाटेला लावतो आणि ब्रेक पुन्हा आवळला जातो. आवळणे, थांबणे, सोडणे, पुन्हा आवळणे, हा क्रम एका सेकंदात अनेक वेळा होतो. तेलाची ही जी झपाट्याची ये-जा चालते, तिचेच धक्के बोटांना लागतात. माझ्या भाच्याला जी थरथर जाणवली ती हीच. यंत्र कामावर असल्याची ती खूण होती, आणि त्याने ती मोडतोडीची खूण मानली.

आता या यंत्राला काय करता येत नाही तेही ऐका. कारण ‘ही घसरायचीच नाही’ हे वाक्य मला अद्याप टोचते. एबीएस रस्त्याची पकड वाढवीत नाही. जेवढी पकड रस्ता देईल तेवढी वाया जाऊ न देणे, एवढेच त्याचे काम. रस्ता ओला असेल, टायरची नक्षी झिजली असेल, रस्त्यावर तेल सांडले असेल, तर देणाराच दरिद्री. घेणारा काय करील? सुट्या खडीवर आणि वाळूवर तर एबीएसच्या गाडीला थांबावयास काही वेळा अधिकच अंतर लागते. वळणावर गाडी कललेली असताना रस्त्याची पकड वळण्यासाठी आधीच खर्च होत असते. तेथे साधे एबीएस पुरते वाचवू शकत नाही. गाडीचा कल मोजणारी योजना महागड्या गाड्यांवरच असते. शिवाय आपल्याकडील पुष्कळ गाड्यांवर एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते. अशा गाडीचे मागचे चाक जाम होऊ शकते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे पुस्तिकेत छापलेले असते. ते प्रत्येकाने आजच पाहावे.

आपल्या देशात हा प्रश्न किती मोठा आहे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी सुमारे 75,000 दुचाकीवरील होती. हे आकडे मी भय घालण्यासाठी सांगत नाही. एवढ्या घरांत संध्याकाळी कोणाची तरी वाट पाहिली गेली आणि ते माणूस आले नाही, हे ध्यानात असावे म्हणून सांगतो. सरकारने या बाबतीत पाऊल उचलले आहे. 125 घन सेंटीमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले: 1 एप्रिल 2018 पासून नव्या नमुन्याच्या गाड्यांना, आणि 1 एप्रिल 2019 पासून आधीच बाजारात असलेल्या नमुन्यांनाही. त्याहून लहान गाड्यांसाठी निदान जोडब्रेकची योजना असावी असे ठरले. जोडब्रेकात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो. पुढच्या ब्रेकचे भय बाळगणाऱ्यांना ती थोडीफार मदत आहे. मात्र ती चाक जाम होणे थांबवीत नाही, हे विसरू नये.

कायद्याने यंत्र गाडीवर बसले. ते वापरण्याची विद्या मात्र कायद्याने हातात येत नाही. ती अशी आहे.

एकाएकी थांबण्याची वेळ आली तर प्रथम अॅक्सिलरेटर सोडावा आणि गाडी सरळ उभी करावी. हँडल वळलेले नसावे. दृष्टी पुढे, जेथून सुटका होईल तिकडे असावी. चाकाकडे किंवा अडथळ्याकडे टक लावू नये, कारण डोळे जेथे, गाडीही तेथेच ओढली जाते. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी. मग शरीराचा भार हातांवर पडत नाही. नंतर दोन्ही ब्रेक एकदम लावावेत. गाडीला एबीएस नसेल तर पुढचा ब्रेक झटक्याने न दाबता, ओला टॉवेल पिळावा तसा क्रमाक्रमाने आवळीत न्यावा. आरंभी हलका; भार पुढच्या चाकावर आला की घट्ट. या दोन पायऱ्यांमध्ये अर्ध्या सेकंदाहूनही कमी अवधी असतो, पण तेवढाच चाकाला वाचवितो. चाक जाम झालेच तर तेवढा ब्रेक सैल करून पुन्हा लावावा.

आणि गाडीला एबीएस असेल तर? दोन्ही ब्रेक जोराने दाबावेत, लिव्हर थरथरला तरी तसेच दाबून ठेवावेत, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत सोडू नयेत. आपण स्वतः दाबणे-सोडणे करू नये. ते काम यंत्र आपल्यापेक्षा चपळाईने करते. क्लच शेवटी, इंजिन बंद पडू नये इतपत दाबावा. केवळ मागच्या चाकाला एबीएस नसेल तर पायाखालचा ब्रेक मात्र बेताने वापरावा.

काही गोष्टी ब्रेक लावण्याच्या आधीच्या आहेत, आणि खरे पाहता त्याच अधिक मोलाच्या. वळणाचा वेग वळणात शिरण्यापूर्वी कमी करावा. आंबोली किंवा वरंधासारखा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे, म्हणजे ब्रेक तापून निकामी होत नाहीत. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून चिकट राळा होतो, तेव्हा फार जपावे. बजबजसारख्या ठिकाणी, जेथे तेलाच्या टँकरांची ये-जा असते, तेथे पावसाच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर ती शोभा दुरूनच पाहावी. आगगाडीचे रूळ ओलांडताना शक्य तितके काटकोनात ओलांडावेत आणि रुळावर असताना ब्रेक लावू नये; ओले लोखंड पकड देत नाही.

अंतराचे गणितही मनात पक्के असावे. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. समोर काही घडले ते डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच 17 मीटर संपले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर 18. एकूण 35 मीटर. ओल्या रस्त्याची पकड निम्मी झाली तर ब्रेकचे 18 मीटर 36 होतात, आणि एकूण अंतर 50 मीटरांच्याही पुढे जाते. वेग निम्मा केला, म्हणजे 30 वर आणला, तर मात्र ब्रेकचे अंतर निम्मे होत नाही. ते चौथा हिस्सा होते. 18 मीटरांचे साडेचार. कोणत्याही कंपनीचे कोणतेही यंत्र जे देऊ शकत नाही ते वेग उतरविल्याने फुकट मिळते. पुढच्या गाडीपासून कोरड्या दिवसांत दोन सेकंदांचे आणि पावसात चार सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढची गाडी रस्त्यालगतचा एखादा खांब ओलांडील तेव्हा मनात मोजावयास लागावे. आपण त्या खांबाशी येईपर्यंत तेवढे सेकंद झाले पाहिजेत.

यंत्राची देखभालही आलीच. गाडीची किल्ली फिरविली की फलकावर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. तो विझला नाही तर एबीएस काम करीत नाही असे समजावे. नेहमीचा ब्रेक चालेल, परंतु चाक जाम होण्यापासून संरक्षण नाही. टायर झिजल्याची खूण त्याच्या खाचेतच केलेली असते, तिथवर झीज आली की टायर बदलावा. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीला ते बदलून घ्यावे. आणि डोक्यावरील हेल्मेटचा पट्टा बांधलेला असावा.

पण या सगळ्याहून महत्त्वाचे म्हणजे सराव. संकटात मनुष्य विचार करीत नाही. हाताला जी सवय असेल तेच हात करतात. पोहणे जसे पुस्तक वाचून येत नाही, तसेच हेही. एखादे मोकळे, स्वच्छ, कोरडे मैदान पाहावे. ताशी 20 किलोमीटरने जाऊन ठरलेल्या खुणेशी ब्रेक लावावा, मग थोड्या अधिक वेगाने, मग त्याहून थोड्या अधिक. रोज नको, महिन्यातून दोनदा पुरे. एबीएस असेल तर कमी वेगात, सरळ वाटेवर ते एकदा मुद्दाम चालू होऊ द्यावे, म्हणजे थरथर म्हणजे काय हे बोटांना कळते.

माझ्या भाच्याचे प्लास्टर निघाल्यानंतर मी पुन्हा बजबजला गेलो होतो. वैद्यांनी गाडी चालविण्यास परवानगी दिली होती, पण याच्या मनातून भीती गेली नव्हती. एका रविवारी सकाळी आम्ही नदीकडच्या एका मोकळ्या पटांगणात गेलो. एक वीट ठेवली, तेथून ब्रेक लावावयाचा असे ठरले. पहिल्या दोन वेळा लिव्हर थरथरताच त्याचा हात आपोआप सैल पडला आणि तो ओशाळून माझ्याकडे पाहू लागला. मी काही बोललो नाही. तिसऱ्या वेळी मात्र त्याने दात आवळून हात तसाच ठेवला. गाडी थरथरत, कुरकुरत, पण एका रेषेत सरळ जाऊन उभी राहिली. त्याने विटेपासूनचे अंतर पावलांनी मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाला, “मामा, त्या दिवशी हात धरून ठेवला असता, तर टोटोपर्यंत पोहोचलोच नसतो.”

मी म्हटले, “हो. आता आणखी दहा वेळा कर.”

त्याने दहा वेळा केले. पटांगणाच्या कडेला बसलेली चार-पाच मुले मोठ्याने मोजीत होती.